प्रकरणाचं नाव झाकून

"घरी सगळं येतं हो बाई, पेपरातच काय होतं ते कळत नाही." दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गुण हाती आले की कुणाची ना कुणाची आई हे म्हणतेच. माध्यमिक शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवल्यावर माझं याबाबत ठाम मत झालं आहे. यातली बहुतेक मुलं घाबरलेली नसतात, आळशी तर नसतातच. त्यांनी सराव केलेला असतो आणि भरपूर केलेला असतो. मात्र पेपरात जे सर्वांत आधी करावं लागतं, नेमकं तेच त्या सरावात एकदाही झालेलं नसतं. समोरचं गणित कशाचं आहे, हे ओळखायची वेळच त्यांच्यावर आलेली नसते.

एका मुलीची हकिकत सांगते. तिच्या वह्या पाहून कुणीही खूश झालं असतं. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक सरावसंच सोडवलेला, काही तर दोनदा. ती एका क्लासलाही जायची. तिथे आठवड्याला चाचणी व्हायची आणि चाचणीत तिला चांगले गुण असायचे. पूर्वपरीक्षेत बीजगणितात निम्मेही मिळाले नाहीत. तिचा पेपर घेऊन मी तिच्याशेजारी बसले. चुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या प्रत्येक प्रश्नापाशी थांबून फक्त एवढंच सांगत गेले, "हे अंकगणिती श्रेढीतलं आहे," "हे वर्गसमीकरणातलं." एवढं कानावर पडलं की पुढचं सगळं ती माझ्याकडे न बघता सोडवी. रीत तिला येत होती. कुठली रीत लावायची, एवढंच ठरवता येत नव्हतं. आणि ते तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं, कारण पुस्तकात पानाच्या वर प्रकरणाचं नाव छापलेलं होतं आणि क्लासची चाचणी एका वेळी एकाच प्रकरणावर होत होती.

हे कसं घडतं ते एका जोडीवरून बघा. पहिलं गणित असं: एका दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. दुसरं: एका दोन अंकी संख्येतल्या अंकांचा गुणाकार १८ आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. वाचताना दोन्ही सारखीच वाटतात, आणि दोन्हींचं उत्तर ३६ आहे. पण पहिल्यात दोन चलांतली रेषीय समीकरणं मांडली की काम होतं. दशकाचा अंक क्ष आणि एककाचा य घेतला, तर दोघांची बेरीज ९ आणि फरक ३. दुसऱ्यात फरक तोच ३ राहतो, पण बेरजेच्या जागी गुणाकार आल्यामुळे वर्गसमीकरण तयार होतं: क्षचा वर्ग, अधिक ३क्ष, वजा १८, बरोबर शून्य. त्यातून ३ आणि उणे ६ या किमती येतात आणि अंक ऋण असू शकत नाही म्हणून उणे ६ सोडावी लागते. एक शब्द बदलला आणि प्रकरण बदललं. जे मूल या दोन प्रकारची गणितं एकाच दिवशी, एकाखाली एक कधी सोडवत नाही, त्याची नजर त्या एका शब्दावर थांबत नाही.

भूमितीत तर आकृतीसुद्धा तीच असते. भिंतीला टेकवलेली १० मीटरची शिडी, पाया भिंतीपासून ६ मीटरवर, वरचं टोक किती उंच? पायथागोरस, उत्तर ८ मीटर. दीड मीटर काठीची सावली २ मीटर आणि त्याच वेळी झाडाची सावली ८ मीटर, तर झाड किती उंच? समरूप त्रिकोण, उत्तर ६ मीटर. इमारतीपासून २० मीटरवर उभं राहिलं तर टोकाकडे बघताना उन्नत कोन ६० अंशांचा होतो, उंची किती? त्रिकोणमिती, २० गुणिले वर्गमूळ ३ मीटर. तिन्ही वेळा कागदावर काटकोन त्रिकोणच काढायचा, उभी बाजू उंची, आडवी बाजू अंतर. मग काय दिलंय यावरून निवड कशी करायची? दोन बाजू दिल्या असतील तर पायथागोरस, दोन त्रिकोणांची तुलना असेल तर समरूपता, एक बाजू आणि एक कोन असेल तर गुणोत्तर. मी हे मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे, पण नुसतं वाचून ते अंगवळणी पडत नाही. तिन्ही प्रकार मिसळून सोडवताना दोनतीनदा अडलं, चुकीची रीत धरून मागे फिरावं लागलं, म्हणजे पडतं.

यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका आकृतीची सगळी उदाहरणं संपवून मग दुसरी घेतली, काहींनी चारही मिसळून सोडवली. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर आला होता आणि दुसरा ६३ टक्क्यांवर होता. आईवडिलांनी यातला सरावाचा आकडा विसरू नये असं मला फार वाटतं. मिसळून सराव सुरू केला की मुलांच्या चुका आधी वाढतात. हे बघून घरची माणसं घाबरतात आणि "आधी एक प्रकरण नीट पक्कं कर" म्हणून मुलाला पुन्हा जुन्या वाटेवर नेऊन सोडतात. सुरुवातीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत कृपा करून धीर धरा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. नवं प्रकरण शिकताना पहिली पाच-सहा गणितं ओळीनं त्याच प्रकारची सोडवावीत, नाहीतर रीतच हाताला बसत नाही. त्यानंतर मात्र त्या सरावसंचातली निम्मी गणितं शिल्लक ठेवावीत. संकीर्ण प्रश्नसंग्रह तर मुद्दाम राखून ठेवावा. तोही त्याच प्रकरणापुरता असतो, पण पुढे मिसळायला उत्तम. राखलेली गणितं कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर लिहायची, प्रकरणाचं नाव किंवा पानाचा क्रमांक न घालता. मागे फक्त अंतिम उत्तर. नववीची काही, दहावीच्या झालेल्या प्रकरणांतली काही, बीजगणित आणि भूमिती एकाच डब्यात. रोज न बघता चार चिठ्ठ्या काढायच्या.

थकलेल्या दिवशी चारही पूर्ण सोडवल्या नाहीत तरी चालेल. त्या दिवशी प्रत्येक चिठ्ठीखाली फक्त दोन ओळी लिहायच्या: काय दिलंय आणि काय विचारलंय, कुठून सुरुवात करणार आणि का. बचतीचं गणित घ्या. पहिल्या महिन्यात २०० रुपये, पुढे दर महिन्याला ५० रुपये जास्त. बाराव्या महिन्यात किती बचत केली, असं विचारलं तर बारावं पद हवं, ते ७५०. बारा महिन्यांत मिळून किती साठले, असं विचारलं तर बारा पदांची बेरीज हवी, ती ५,७००. आकडेमोड दोन्हींची येत असूनही मुलं इथे गुण घालवतात. "काय विचारलंय" ही ओळ लिहायची सवय असली की ही चूक जवळजवळ नाहीशी होते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

गाइडबद्दल मला कडक बोलायचं आहे. सोडवलेलं उत्तर वाचताना प्रत्येक पायरी पटते, आणि पटलं म्हणजे आपल्याला येतं असं मनाला वाटू लागतं. गणितात अडल्यावर निदान दहा मिनिटं गाइड बंदच ठेवा. आकृती मोठी काढा, छोटे आकडे घेऊन बघा, उलट दिशेनं या. तरीही नाही जमलं तर उघडा, एकच पायरी वाचा आणि लगेच मिटा. पूर्ण उत्तर बघावंच लागलं, तर त्या चिठ्ठीवर खूण करून ती डब्यात परत टाका आणि तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. तोवर ते गणित तुम्ही सोडवलेलं नाही, असंच धरा. रिकाम्या चौकटी भरायच्या कृतींचंही तसंच. पेपरात त्या असतात म्हणून जरूर करा, पण नंतर तीच कृती चौकटींचा आधार न घेता पहिल्या ओळीपासून लिहा.

भूमितीतल्या सिद्धता पाठ करणाऱ्यांसाठी एक सोपी कसोटी आहे. पुस्तकात त्रिकोण ए बी सी असेल तर तुम्ही पी क्यू आर घ्या आणि आकृती थोडी फिरवून काढा. जो पाठ केलेल्या ओळी लिहीत होता, तो दुसऱ्याच ओळीला थांबतो. ज्याला प्रत्येक विधानामागचं कारण कळलंय, त्याला अक्षरं बदलल्यानं काही फरक पडत नाही. रचना मात्र नुसत्या डोक्यात करून चालत नाहीत, त्यांच्यासाठी कंपासच हातात घ्यावा लागतो.

सांख्यिकीत सूत्र आठवण्यापेक्षा आलेल्या उत्तराकडे बघायची सवय जास्त उपयोगी पडते. ४० मुलांचे गुण घ्या. ० ते १० मध्ये ५ मुलं, १० ते २० मध्ये ८, २० ते ३० मध्ये १२, ३० ते ४० मध्ये १०, ४० ते ५० मध्ये ५. मध्यक २० ते ३० या वर्गात येतो. सूत्रात त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे १३, घालायची. मध्यक साधारण २५.८ येतो. कितीतरी मुलं घाईत त्याच वर्गाची २५ घालतात आणि १५.८ असं उत्तर लिहून पुढे जातात. मध्यक २० ते ३० च्या वर्गात आहे हे त्यांनीच दोन ओळी आधी लिहिलेलं असतं! उत्तर त्या वर्गात बसतं का, एवढं बघितलं तरी चूक हाती लागते. अर्थनियोजनातही असंच ताडून बघावं. १८ टक्के जीएसटी धरून वस्तू १,१८० रुपयांना पडली, तर मूळ किंमत किती? १,१८० चे १८ टक्के वजा केले तर ९६७ रुपये ६० पैसे येतात. त्यावर पुन्हा १८ टक्के लावून बघा, १,१८० होत नाहीत. मूळ किंमत १,००० आहे, कारण कर तिच्यावर लागलेला आहे. शाब्दिक उदाहरणात आपण मांडलेल्या समीकरणात उत्तर घालून तपासणं पुरेसं नाही, कारण समीकरणच चुकलेलं असेल तर तेही जुळेल. उत्तर मूळ वाक्यात घालून वाचा.

दहावीत येऊनही हातच्याची वजाबाकी चुकणारी मुलं पुष्कळ आहेत, आणि त्यांना चौथीची उदाहरणं दिली तर ती मनातून खचतात. त्यांना मी कापरेकर स्थिरांक देते. देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांचा हा शोध. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं आणि चढत्या क्रमानं लिहून मोठीतून लहान वजा करा, आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. नाही आली तर वजाबाकी कुठेतरी चुकली आहे, हे मुलाला स्वतःलाच कळतं आणि शिक्षकानं लाल शाईनं खूण करायची गरज उरत नाही.

डब्यात एक चिठ्ठी भास्कराचार्यांची जरूर असू द्या. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'तलं हे उदाहरण आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे. खांबाच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? मांडणी पायथागोरसच्या प्रमेयानं होते. मग क्षचा वर्ग दिसतो आणि मुलं वर्गसमीकरणाच्या तयारीला लागतात. पण दोन्ही बाजूंचा क्षचा वर्ग निघून जातो आणि साधं रेषीय समीकरण उरतं. उत्तर १२ हात, दोघांनी कापलेलं अंतर १५ हात. हे सोडवून झाल्यावर "हे कोणत्या प्रकरणातलं?" असं मी वर्गात विचारते, आणि मुलं वाद घालू लागली की त्यांना घालू देते. तो वेळ मला फार मोलाचा वाटतो.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. तिच्यात बरोबर उत्तर उतरवायचं नाही, चूक एका वाक्यात लिहायची: "बेरीज विचारली होती, मी पद काढलं." "समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराइतकं असतं, मी वर्ग केलाच नाही." महिन्याभरानं वही चाळली की एकच चूक वेगवेगळ्या प्रकरणांत सापडते. प्रकरणवार वहीत ती कधीच दिसली नसती.

घड्याळ लावून सोडवणं मी शेवटच्या पाच-सहा आठवड्यांपर्यंत लांबवते. बोर्डाचा बीजगणिताचा आणि भूमितीचा पेपर प्रत्येकी ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. ती पुरतात, पण ओळखण्यातच पाच मिनिटं जाणाऱ्याला पुरत नाहीत. त्याला आधीपासून घड्याळ लावलं, तर तो घाईत दिसेल ते पहिलं सूत्र लावायला शिकतो, आणि ही सवय नंतर सुटता सुटत नाही. जानेवारी उजाडला आणि अजून काहीच मिसळलेलं नसेल, तर नवं प्रश्नसंचांचं पुस्तक विकत आणू नका. स्वतःच्या वहीतली सोडवलेली गणितंच चिठ्ठ्यांवर उतरवा, उत्तरं झाका आणि आज रात्री चार काढा.