वीज नसेल त्या दिवसाचा कॅमेरा

बाळांनो, कॅमेरा घ्यायला गेलात की दुकानदार मेगापिक्सेल ऐकवेल. तुम्ही त्याला एवढंच विचारा: वीज नाही, चार्जर नाही, दुरुस्तीचं दुकान नाही, अशा दिवशी हा चालेल का? त्यासाठी जगबुडीच यायला हवी असं नाही. पाणी चढलं की आधी वीज जाते आणि मागोमाग मोबाइल, हे सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये पाहिलंय. अशा वेळी काय घडलं ते जो टिपून ठेवतो, त्याचे उपकार पुढच्या पिढ्यांवर राहतात.

१८९७ मध्ये स्वीडनचा आंद्रे दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून बर्फावर उतरलं, तिघांपैकी कुणीच परतलं नाही. त्यांचा तळ सापडला तो थेट १९३० मध्ये. त्या दोघांपैकी एक असलेल्या स्ट्रिंडबर्गने टिपलेल्या फिल्म तेहतीस वर्षं बर्फात पडून होत्या, तरी धुतल्यावर त्यांतून ९३ चित्रं हाती लागली. कोसळलेलं बलून आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं आज आपल्याला दिसतात ती त्यामुळेच. मेमरी कार्ड वाचायला दुसरं यंत्र लागतं. निगेटिव्ह नुसती उजेडाला धरली तरी दिसते.

पहिला मंत्र: सेल काढा आणि शटर मारून बघा. निकॉन एफएम-२ किंवा पेंटॅक्स के-१००० यांचं शटर स्प्रिंगवर चालतं, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. निकॉनचाच एफई दिसायला तसाच आहे, पण सेल संपला की बल्ब सोडून त्याचा एकच वेग उरतो. तो या कामाचा नाही.

दुसरा मंत्र: जुना कॅमेरा कानाने पारखा. मागचं झाकण उघडून एक सेकंदाच्या वेगावर शटर दाबा. घर्र असा एकसारखा आवाज होऊन पडदा मिटला पाहिजे. मध्येच अडखळला तर आतलं वंगण वाळलंय असं समजा. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटला तर उजेड आत शिरणार, पण फोम घरी बदलता येतो, तेवढ्यासाठी चांगला कॅमेरा सोडू नका. लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. पांढरे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचं कोटिंग खाते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तिसरा मंत्र: उजेड डोळ्यांनी मोजा. १०० च्या फिल्मवर लख्ख उन्हात ऍपर्चर एफ-१६ आणि वेग १/१२५. विरळ ढग आले तर एफ-११, आभाळ भरलं तर एफ-८, मोकळ्या सावलीत एफ-५.६. एवढं पाठ असलं की मीटर बंद पडला तरी अडत नाही.

चौथा मंत्र: फिल्म ब्लॅक अँड व्हाइटच घ्या, आणि तीही १०० किंवा १२५ ची. तिच्यातली चांदी रंगीत फिल्मच्या रंगांपेक्षा जास्त टिकते, आणि ४०० च्या फिल्मपेक्षा ती सावकाश जुनी होते. किरणोत्साराचं भय मात्र प्रत्येक फिल्मला आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या अणुस्फोटाची धूळ दूरच्या पुठ्ठ्याच्या गिरणीपर्यंत पोचली, आणि त्या पुठ्ठ्यात बांधलेल्या कोडॅकच्या फिल्मवर डाग पडले. म्हणून सगळे रोल एकाच जागी ठेवू नका.

पाचवा मंत्र: रोल घरी धुवायला शिका. डेव्हलपर संपला तर इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी एवढ्यावर काम भागतं. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोला मात्र असा सोपा पर्याय नाही. त्याचे कोरडे खडे बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा. शेवटी स्वच्छ पाण्यात धुवायचा कंटाळा करू नका. हायपो मागे राहिला की निगेटिव्ह पिवळी पडते.

सहावा मंत्र: दमटपणा हाच रोजचा शत्रू. कोकणात तर चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा कधीच ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात तापवा, पुन्हा निळे होतात. पण तो तवा स्वयंपाकात वापरू नका आणि खिडकी उघडी ठेवा. निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून घरातल्या सर्वांत उंच फळीवर ठेवा.

आणि एक लक्षात ठेवा: संकट आल्यावर नवी विद्या शिकता येत नाही. या आठवड्यात एक रोल घाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढा, स्वतःच्या हाताने धुवा आणि पाकिटावर नाव, गाव, तारीख पेन्सिलीने लिहा.