सर्व्हरवरची कालची फाइल आज मिळेल का?

प्रश्न : आमच्या जिनिंगची कापूस खरेदीची एक्सेल शीट ऑफिसच्या सर्व्हरवर असते. मुनीमजींनी काल संध्याकाळी चुकून तिच्यावरच सरकीचा हिशेब सेव्ह केला. रिसायकल बिन रिकामी आहे. सगळं गेलं का?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : बहुधा नाही. रिसायकल बिन रिकामी असणारच; वरून सेव्ह झालेली फाइल तिथे जातच नाही. नेटवर्क फोल्डरमधून डिलीट केलेलीही सहसा जात नाही.

सर्व्हर विंडोजचा असेल तर त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडा. विंडोज सर्व्हर 2003 पासून ही सोय आहे. शॅडो कॉपी, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप प्रत ठेवणं, सुरू केलेलं असेल तर तारीख-वेळेनिशी जुन्या प्रती दिसतील. मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी 7 आणि दुपारी 12. म्हणजे दुपारनंतर आलेल्या गाड्या काटापावत्यांवरून पुन्हा चढवाव्या लागतील. (हंगामात शनिवारीही काटा चालतो, वेळापत्रक तसं बदलून घ्या.)

‘रिस्टोअर’ मात्र लगेच दाबू नका. अख्खा फोल्डर मागे गेला तर इतरांचं आजचं काम पुसलं जाईल. आधी ‘ओपन’ करून पाहा, मग हवी ती शीट वेगळ्या जागी कॉपी करा.

यादीच रिकामी असेल तर सोय बंद होती. मग बॅकअपच शोधावा लागेल.

शॅडो कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. एका व्हॉल्यूमवर जास्तीत जास्त 64 प्रती राहतात, त्याही त्याच सर्व्हरवर. 2017 च्या वॉनाक्राय व्हायरसने फाइलींना कुलूप लावताना या प्रतीही पुसल्या होत्या. रोजचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की तिची केबल काढून ठेवा.