गडाची सोपी बाजू

वऱ्हाडातील गिरिदुर्ग पाहताना पर्यटकाची जी फजिती होते, तिचे मूळ गडाच्या अवघडपणात क्वचितच असते. ते बहुधा त्याच्या सोप्या बाजूत असते. अवघड चढणीपुढे माणूस आपोआप सावध होतो, पाणी मोजून घेतो, बरोबरच्यांची चौकशी करतो. परंतु जेथे मोटार थेट दरवाजापाशी पोहोचते तेथे तो गडाला बाग समजू लागतो. अमरावती जिल्ह्यातील गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा या दोन किल्ल्यांवर वर्षानुवर्षे जाणाऱ्यांचा अनुभव याच मुद्द्याकडे बोट दाखवतो.

सातपुड्याची ही रांग, जिला गाविलगडाचे डोंगर असेही म्हणतात, दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात एकदम तुटते आणि उत्तरेकडे मेळघाटच्या डोंगराळ मुलखात हळूहळू मिसळून जाते. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५च्या सुमारास गाविलगडाची उभारणी केली, आणि पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादउल्मुल्क याने त्याची डागडुजी केली. हत्तींना पंजात धरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, आजही शार्दूल दरवाजावर पाहायला मिळतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाल्यावर इंग्रजांनी या गडाला वेढा घातला, तेव्हा डब्लिनमध्ये जन्मलेला आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेला आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या बाजूने तोफा डागत राहिला, पण तिकडून फारसे काही साधले नाही. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने मात्र डोंगरातून रस्ता काढत, अवजड तोफा ओढत उत्तरेकडचे लबाडा गाव गाठले, तटाला खिंडार पाडले आणि १५ डिसेंबरला गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग त्या लढाईत पडला. आजचा पर्यटक चिखलदऱ्याहून गडावर येतो तो याच उत्तरेच्या अंगाने, म्हणजे ज्या बाजूवर किल्ला बांधणाऱ्यांनाही सर्वांत कमी भरवसा होता त्या बाजूने, आणि त्यामुळेच आत शिरल्यावर आपण एका प्रचंड पठारावर, कड्यांच्या काठाशी आलो आहोत याची जाणीव त्याला उशिरा होते.

ही जाणीव उशिरा होते ती ठरावीक क्रमाने. सकाळचा वेळ चिखलदऱ्यातील देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल असे पाहण्यात जातो. जेवण उरकून तिसऱ्या प्रहरी मंडळी गडाच्या दरवाजाशी येतात, पायांत चपला असतात, पाण्याची एखादी बाटली सगळ्यांत मिळून असते, आणि तोफा व तलाव पाहून तासाभरात परतू असा अंदाज असतो. हा अंदाज फसतो, कारण बाहेरचा कोट आणि आतला कोट मिळून गडाचा विस्तार फार मोठा आहे, पावसाळ्यानंतर गवत पुरुषभर वाढून जुन्या पायवाटा गडप होतात, आणि मछली तलाव किंवा देव तलाव ओलांडून पलीकडे गेले की सगळे पडके चौथरे सारखेच दिसू लागतात. त्यात श्रावणातली धुई, म्हणजे वऱ्हाडी बोलीतले दाट धुके, उतरली की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि तटाची कड कोठे संपते तेही कळत नाही. अशा वेळी वाट शोधत फिरणे ही सर्वांत घातक गोष्ट होय. एका जागी थांबून, एकमेकांना हाका मारून सगळ्यांना गोळा करावे आणि धुके विरळ होईपर्यंत बसून राहावे, हे या भागातील गुराखी जे करतात तेच शहाणपणाचे ठरते. मेळघाटात मोबाईलची रेंज ठिकठिकाणी जाते, तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा गावातली मदत बोलावण्यासाठी आधी रेंज मिळण्याच्या जागेपर्यंत यावे लागते, ही गोष्टही निघतानाच ध्यानात घ्यावी.

कड्याच्या काठाविषयी भूशास्त्र जे सांगते, ते चिखलदऱ्याच्या प्रत्येक पॉइंटवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवे. हे डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचे बनलेले आहेत. दोन थरांच्या मध्ये अनेकदा लाल, मऊ मातकट पट्टा सापडतो. वरचा थर पसरण्यापूर्वी खालच्या थराचा पृष्ठभाग उन्हापावसाने कुजून हा पट्टा तयार झालेला असतो. मऊ पट्टा आधी झिजतो, आत पोकळी पडते आणि वरचा कठीण दगड छपरासारखा अधांतरी राहतो. शिवाय लाव्हा थंड होताना आकसल्याने त्या दगडाला उभ्या भेगा आधीच असतात. काठावर उभ्या राहणाऱ्याला पायाखालचा दगड पक्का वाटतो, परंतु त्याच्याखाली आधार आहे की नाही हे वरून दिसण्याची सोय नाही. म्हणून छायाचित्रासाठी कठड्यापलीकडे जाणे हे धाडस नव्हे, तर दगडाविषयीचे अज्ञान होय. पावसाळ्यात या पाषाणावर शेवाळ धरले की धबधब्याजवळचा सपाट दिसणारा कातळही पाय ठरू देत नाही.

नरनाळ्याचा स्वभाव निराळा आहे. अकोट तालुक्यातील शहानूर गावापासून वर चढणारा हा किल्ला जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन भागांचा मिळून बनला असून त्याचे खरे वैभव दोन गोष्टींत आहे: कमळांच्या कोरीवकामाने आणि लेखपट्ट्यांनी नटलेला, १४८७ सालचा शिलालेख असणारा महाकाली दरवाजा, आणि गडभर विखुरलेले तलाव व टाकी. शक्कर तलावासह या सगळ्या जलाशयांची आखणी शिबंदीला वेढ्याच्या काळात पाणी पुरावे या हिशेबाने झाली होती. पाहुण्यांच्या पिण्यासाठी हे पाणी नाही; ते साचलेले असते, त्यावर वन्यप्राणीही येतात, आणि टाक्यांचे काठ निसरडे व बिनकठड्याचे असल्याने लहान मुलांना तेथे मोकळे सोडणे धोक्याचे आहे. पायथ्याच्या सपाटीवर भरवसा ठेवावा तर अकोट, तेल्हारा, दर्यापूर हा पूर्णाकाठचा मुलूख खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेला पट्टा, म्हणून ओळखला जातो. तेव्हा माणशी दोन-तीन लिटर पाणी घरूनच भरून घ्यावे, आणि मार्चनंतर जायचे असल्यास सूर्य माथ्यावर येण्याआधी गड उतरलेला असावा.

हे दोन्ही गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात. नाक्यावर नाव नोंदवणे आणि परतीची वेळ पाळणे यांकडे अनेकजण अडवणूक म्हणून पाहतात. वस्तुतः एखादा गट वेळेत खाली आला नाही हे कोणाच्या तरी ध्यानात येण्याचा तोच एक मार्ग असतो. वाघ-अस्वलाची भीती बहुतेकांना असते, आग्या मोहोळाची फारशी नसते, आणि हा क्रम उलटा असायला हवा. कड्यांवर व दरवाजांच्या कमानींखाली लटकणारी ही मोठ्या मधमाश्यांची पोळी धुराने, उग्र अत्तराने किंवा मारलेल्या दगडाने खवळतात; त्यामुळे कमानीखाली उदबत्ती, विडी किंवा चूल पेटवू नये. तटावर चढून बसण्याचा मोहही टाळावा, कारण गाविलगडाचे बांधकाम १८५८ मध्ये इंग्रजांनी मुद्दाम निकामी केले होते, आणि उरलेल्या चुनेगच्चीत पिंपळ-उंबराची मुळे शिरली आहेत. दगडावर नाव कोरणाऱ्यांसाठी एवढे सांगणे पुरे, की संरक्षित स्मारकाचे विद्रूपीकरण केल्यास १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात, २०१०च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

सपाटीवरच्या वास्तू पाहताना धोका नाही असे समजणेही बरोबर नाही. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमापाशी उभा आहे, आणि मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून दाखवली जाणारी देखणी छत्रीही नदीच्या काठालाच आहे. मन नदी दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरातून येते. तिकडे झड लागली, म्हणजे सलग पाऊस धरून राहिला, तर बाळापुरात ऊन असतानाही नदी फुगू शकते. बुडालेल्या फरशीवरून वाहन घालण्याची घाई अशाच कोरड्या आकाशाखाली होते. अचलपूरजवळचा हौज कटोरा, म्हणजे तलावाच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी मनोरा, पाहण्यास पावसाळा सरल्यावर, काळ्या मातीची वाट वाळल्यावर जावे.

उरतो प्रश्न सोबतीचा. शहानूर व चिखलदरा परिसरातील कोरकू आणि गवळी समाजातली माणसे या डोंगरात गुरे चारत वाढलेली असतात. पोळे कोठे आहे, कोणत्या टाक्याचा काठ खचला आहे, आभाळ कोठून भरते, हे त्यांना सवयीने ठाऊक असते. अशा वाटाड्याला बरोबर घ्यावे, नावापुढे भाऊ किंवा दादा लावून हाक मारावी, आणि मजुरी गड चढण्यापूर्वी ठरवून टाकावी. मजुरीवर घासाघीस झालीच तर ती नाक्यावर होऊ द्यावी. परत फिरण्याची वेळ त्याने सांगितल्यावर मात्र आणखी अर्ध्या तासाची सवलत मागू नये.