नर्सिंगला जाणाऱ्या लेकीसाठी : लस, गुप्तता आणि मोबाईल

बारावीचा निकाल लागला की विहाराच्या ओट्यावर चर्चा सुरू होते, पोरीला आता कुठे घालायचे? अनेक घरांत नर्सिंगचे नाव निघते. फी किती, सीईटी कधी, जातवैधता प्रमाणपत्र आले का, याची चौकशी आईबाप बारकाईने करतात. पण कॉलेज सुरू होण्याआधी तब्येतीची काय तयारी लागते, कोणती माहिती कॉलेजला द्यायची आणि कोणती द्यायची नाही, हातातला मोबाईल कसा सांभाळायचा, हे कोणी सांगत नाही. या वेळी आरोग्याच्या पानावर तेवढेच पाहू. लेकीसाठी म्हटले असले तरी नर्सिंगला मुलगेही जातात. सगळे त्यांनाही लागू आहे.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, आठ सत्रांचे आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. त्याबरोबर भारतीय परिचर्या परिषदेची आणखी एक अट आहे. विद्यार्थी वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असावा आणि शिक्षण चालू असताना दरवर्षी त्याची तपासणी व्हावी. आपला सगळा विषय या अटीपासून सुरू होतो.

त्याआधी एक बोलून टाकू. काही घरांत आजी-आजोबा म्हणतात, "एवढे शिकून पुन्हा दुसऱ्याची घाणच काढायची का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. घाण काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसांवर लादले गेले. पण विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला. त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. तथागतांनी आणि आनंदाने मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. त्याच ठिकाणी चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत, आणि मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस न येणे हा त्यातला एक आहे. लादलेल्या कामात आणि या कामात फरक आहे. तेव्हा हातात मोजे नव्हते, अंगात लस नव्हती, कौन्सिलमध्ये नोंदणी नव्हती आणि नाही म्हणायचा हक्कही नव्हता. आज तो हक्क आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून काय मागायचे ते माहीत हवे.

पहिली मागणी हेपेटायटिस बीच्या लसीची. ही यकृताची कावीळ रक्तातून पसरते. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हेपेटायटिस सी साठी ती सुमारे २ टक्के आणि एचआयव्हीसाठी सुमारे ०.३ टक्के आहे. म्हणजे ज्या आजाराची लोक सर्वांत जास्त भीती बाळगतात त्यापेक्षा धोका या काविळीचा मोठा, आणि लस आहे तीही हिचीच. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. प्रवेश झाल्यावर सुरुवात केली तर मुलगी वॉर्डात उभी राहील तेव्हा संरक्षण अर्धवटच असेल. म्हणून बारावीचा शेवटचा पेपर झाला की पहिला डोस घ्यावा. लहानपणी लस दिली होती का, ते जुन्या लसीकरण कार्डावर पाहा. कार्ड हरवले असेल तर "दिली असेल बहुतेक" यावर जाऊ नका. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी करतात. त्यात संरक्षक प्रतिपिंडांचा आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की लस लागू पडली. कॉलेजशी जोडलेल्या रुग्णालयात विद्यार्थिनींना ही लस मोफत मिळते का, ते प्रवेशाच्या दिवशीच विचारा. आणि तपासणीत ही कावीळ आधीच अंगात असल्याचे निघाले तर शिक्षण संपले असे समजू नका, पोटविकाराच्या डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्या लसींचे थोडक्यात. गोवर-रुबेलाची लस २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात शाळांमधून दिली गेली होती, ती मिळाली होती का ते आठवा. धनुर्वात-घटसर्पाची टीडी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तसे सांगा, नसतील तर लसीचे दोन डोस असतात. (आपल्याकडे अजूनही काही बाया "देवी आली" म्हणतात. तो विषाणू आहे. फॉर्मवर कांजिण्या असेच लिहा.)

आता तंदुरुस्तीच्या दाखल्याकडे येऊ. आपल्या घरांत खरी भीती इथे असते. मुलीचे हिमोग्लोबिन कमी निघाले तर? घरात टीबी होऊन गेला आहे ते कळले तर?

हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. तो लपवायचा नाही, बरा करायचा. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर घ्या. गोळीच्या आगेमागे चहा नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. रात्रपाळी सुरू झाल्यावर हे आठवणीने पाहावे, कारण रात्रपाळीच्या मुली चहा-बिस्किटावर दिवस काढतात. टीबी झालाच तर औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. डॉक्टरांनी आता संसर्ग नाही असे सांगितल्यावर वॉर्डात परतता येते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला अंगावर काढणारी विद्यार्थिनी मात्र स्वतःसह रुग्णांनाही धोक्यात घालते.

विदर्भातल्या वाचकांसाठी सिकलसेलचे वेगळे सांगतो. हा आजार आदिवासी समाजांबरोबर आपल्या समाजातही आढळतो. पहिली साधी तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली तरी निदान पक्के नसते, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगते. वाहक, म्हणजे 'एएस', हा आजारी माणूस नव्हे. तो नर्सिंग करू शकतो, पाळ्या करू शकतो. 'एसएस' असलेल्या मुलीने मात्र पाणी, थंडी, जागरण आणि औषधे यांचे गणित आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि कॉलेजला तसे पत्र द्यावे. "वाहक" हा शब्द ऐकून मुलीचे शिक्षणच थांबवणे हा अन्याय आहे.

मग कॉलेजला सांगायचे किती? दाखल्यावर नोंदणीकृत डॉक्टरांनी "तंदुरुस्त आहे" असे लिहायचे असते. सगळ्या रिपोर्टांची झेरॉक्स त्याला जोडायची गरज नसते. कोणी मागितलीच तर कशासाठी हवी, कोण पाहणार, हे नम्रपणे विचारा आणि बंद पाकिटात त्या व्यक्तीच्याच हाती द्या. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आपापले रिपोर्ट टाका" असा मेसेज आला तर टाकू नका. एचआयव्हीबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१८ पासून लागू आहे. शिक्षणाला प्रवेश देण्यासाठी किंवा ते चालू ठेवण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. खाजगी कॉलेजलाही नाही. रंगांधळ्या विद्यार्थ्यांनाही घाबरण्याचे कारण नाही, रंगदोष सुधारणारा चष्मा किंवा लेन्स वापरत असतील तर परिचर्या परिषद त्यांना पात्र धरते.

सुई टोचली तर काय करायचे, हे पाठच करून ठेवा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीचिंग चोळू नका. लगेच वॉर्डातल्या सिस्टरला सांगा आणि नोंद करून घ्या. एचआयव्ही टाळणारी औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करावी लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नसतो, आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. ही औषधे सरकारी रुग्णालयात मिळतात. बहुतेक मुली ओरडा बसेल म्हणून गप्प बसतात, आणि ते मौन फार महाग पडते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायला जाऊ नका, ती पांढऱ्या न भोकणाऱ्या डब्यात जाते. मोजे संपले असतील तर मागा. वरचाच कायदा सांगतो की जिथे संसर्गाचा धोका आहे तिथे काम करणाऱ्यांना संरक्षणाची साधने, प्रशिक्षण आणि ही औषधे देणे संस्थेचे कर्तव्य आहे.

आता पारड्याची दुसरी बाजू. मुलीचे रिपोर्ट जसे तिचे, तसे रुग्णाचे केसपेपर रुग्णाचे. समजा, मागच्या गल्लीतली ताई वॉर्डात भरती झाली. संध्याकाळी घरी मावशी विचारते, "तिला काय झालंय गं?" उत्तर एकच, "मावशी, ते तिलाच विचारा ना." नाव न घेता सांगितले तरी भागत नाही. "दोन मुलांची आई, नवरा रिक्षा चालवतो" एवढ्यावर आपल्या वस्तीत माणूस ओळखू येतो. ओळखीची बाई रुग्ण म्हणून समोर आली तर सिस्टरना सांगून दुसऱ्या खाटेवर काम मागावे. काम नसताना तिची फाईल उघडू नये. ती बरी होऊन नळावर भेटली तर चारचौघांत चौकशी करू नये, तिने बोलायला सुरुवात केली तरच बोलावे. आपल्याच वस्तीतल्या मुलीच्या धाकाने बायका दवाखान्यात जायच्या थांबल्या तर तिच्या शिकण्याचा वस्तीला काय उपयोग?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गुप्ततेचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो संविधानाच्या कलम २१ मधून येतो, आणि फुकट उपचार घेणाऱ्यालाही तेवढाच आहे. म्हणून तुम्ही रुग्ण असाल तेव्हा पडदा लावायला सांगा, विद्यार्थ्यांसमोर तपासणी नको असेल तर तसे म्हणा. दारात वही घेऊन सर्वेक्षणाला आलेल्या विद्यार्थिनीला माहिती कुठे जाणार ते विचारा.

मोबाईल हा दोन्ही बाजूंचा शत्रू होऊ शकतो. वॉर्डात फोटो नको, रील नको, स्टेटस नको. रुग्णाचा चेहरा नसला तरी मागे खाटेवरची पाटी दिसते. २०२४ साली कर्नाटकातल्या गदगच्या वैद्यकीय महाविद्यालयात रील केल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती किंवा बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे तर थेट कायद्याच्या कक्षेत येते.

पण मोबाईलशिवाय चालतही नाही. पहिल्याच वर्षी आरोग्य माहिती-तंत्रज्ञानाचा विषय असतो, रुग्णालयातल्या नोंदीही संगणकावर होत चालल्या आहेत. महागडा लॅपटॉप घेण्यासाठी कर्ज काढू नका. साधा स्मार्टफोन, स्वतःचा ईमेल, कागद स्कॅन करून पीडीएफ बनवता येणे आणि संगणकावर दोन्ही हातांनी टायपिंग, एवढ्याने सुरुवात होते. टायपिंग सुट्टीतच शिकून घ्यावे. रुग्णालयाचा लॉगिन मिळाला तर तो मैत्रिणीलाही देऊ नये. तिने चुकीचे औषध नोंदवले तर खाली नाव तुमचे येईल.

प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना नंबर मुलीचा स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा शेजारच्या दादाचा नंबर दिला की चार वर्षे प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात जावे लागते, आणि तो नंबर बंद झाला तर शिष्यवृत्ती अडकते. कॅफेत बसलात तर उठण्यापूर्वी लॉगआउट करा आणि तिथल्या संगणकावर उतरवलेले आधार, जातीचा दाखला, फिटनेसचा दाखला डिलीट करायला लावा, समोर उभे राहून. पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही घरात ठेवा.