फायबरग्लासच्या होडीची निगा : आधी दुरुस्ती, मग मेण

देवगाव फाट्याहून एक रस्ता जिंतूरकडे जातो व दुसरा सेलूकडे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरीचा, तर सेलू तालुक्यात दुधना नदीवरील निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय आहे. अशा जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या कुटुंबास होडी ही शेतकऱ्याच्या बैलजोडीइतकीच मोलाची असते. लाकडी होडीप्रमाणे फायबरग्लासची होडी कुजत नाही किंवा तिला कीड लागत नाही. त्यामुळे तिला निगेची गरज नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही.

होडीचे बाह्य आवरण

काचेच्या तंतूंची चटई पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर देऊन ही होडी साच्यात घडवितात. बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थरास जेलकोट म्हणतात. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. आतील थरांचे पाण्यापासून व उन्हापासून रक्षण करणे हे त्याचे काम होय. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे हा थर हळूहळू जीर्ण होतो. रंग फिका पडतो व हात फिरविल्यास खडूसारखी भुकटी बोटांस लागते.

प्रथम तपासणी

उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे होडी काठावर सावलीत घेऊन उपडी घालावी. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवून ती पूर्ण सुकू द्यावी. धुण्याचे पाणी जलाशयात जाऊ देऊ नये. नंतर मडके पारखून घेतात त्याप्रमाणे लाकडी मुठीने तळ व कडा ठोकून पाहाव्यात. आवाज खणखणीत आल्यास तो भाग सामान्यतः चांगला असतो. बद्द आवाज आल्यास आतील थर सुटल्याचा किंवा पाणी मुरल्याचा संशय घ्यावा.

भेगेतून काचेचे तंतू दिसत असल्यास मेण लावू नये. मेणाने भेग झाकली जाते, बुजत नाही. शिवाय मेण लागलेल्या जागी नवे रेझिन नीट धरत नाही. अशी होडी वरून चकचकीत दिसली, तरी भर पाण्यात दगा देऊ शकते. म्हणून आधी जाणत्या कारागिराकडून दुरुस्ती करून घ्यावी. रेझिनचे हार्डनर डोळ्यांस अत्यंत घातक असते. ते हाताळताना चष्मा व हातमोजे वापरावेत. हार्डनर व प्रवेगक ही द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होतो.

घासणे व मेण लावणे

१. निस्तेज भागास प्रथम रबिंग कंपाऊंड मऊ कापडाने लावून हाताएवढ्या लहान भागावर घासून पाहावे. तेवढ्याने तेज आल्यास अधिक खरखरीत साधन वापरू नये.

२. तेज न आल्यासच १००० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा व त्यानंतर पुन्हा कंपाऊंड लावावे. प्रत्येक घासणीत जेलकोट थोडा झिजतो व तो पुन्हा वाढत नाही. कोरडे घासल्यास उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. तोंडानाकावर योग्य मुखपट्टी बांधावी.

३. भुकटी पुसून काढल्यावर मेणाचा पातळ थर द्यावा. या कामाच्या मेणात बहुधा ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांवरील कठीण मेण असते. थर धूसर दिसू लागताच स्वच्छ सुती कापडाने पुसावा व दुसरा थर द्यावा. तापलेल्या पृष्ठभागावर हे काम करू नये. सकाळची वेळ उत्तम.

४. होडीचा आतील तळ, बसण्याची फळी व पाय ठेवण्याच्या कडा यांस मेण मुळीच लावू नये. ओल्या पायाने तेथे घसरून माणूस पाण्यात पडण्याचा धोका असतो.

पुढील निगा

मेण लावलेल्या भागावर पाणी शिंपडल्यास त्याचे गोल थेंब राहतात. पाणी पसरू लागले म्हणजे मेण गेले असे समजून पुन्हा थर द्यावा. काम नसेल तेव्हा होडी लाकडी ओंडक्यांवर उपडी ठेवून तिच्यावर सावली करावी. ऊन टाळले म्हणजे घासण्याचे काम पुष्कळ कमी होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाणी ओसरल्यावर मच्छीमार बांधवांस काठावर एकत्र बोलवावे व एकाच होडीची अर्धी बाजू घासून, मेण लावून दाखवावी. दोन बाजूंतील फरक सर्वांस दिसेलच. परंतु प्रात्यक्षिकाचा आरंभ मेणाच्या डब्यापासून न करता तळ ठोकून पाहण्यापासून करावा.