टाकी मोठी की उंच?
वरच्या मजल्यावर नळाला धार नाही म्हटलं की आपली एकच मागणी, मोठी टाकी आणा! मी म्हणतो, उंच करा. द्रवाचा दाब टाकीच्या रुंदीवर नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. 10 मीटरला साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तळमजल्याचा नळ टाकीच्या 12 मीटर खाली असेल तर दाब 1.2, वरच्यांच्या वाट्याला 2 मीटर, म्हणजे फक्त 0.2. टाकी 2 मीटर उचलली की वरचा दाब दुप्पट! (पाइपात हवा अडकली असेल तर आधी ती काढा.)
मात्र 5000 लिटर पाणी म्हणजे 5 टन वजन. स्टँडचे चार पाय नुसत्या स्लॅबवर टेकवले तर तेवढ्याशा जागेवर प्रचंड दाब येतो. स्टँड बीम-कॉलमवरच घ्यायचा, तोही सिव्हिलच्या सरांना विचारून.