राखणीच्या कुत्र्याची अंगमेहनत

अमरावती व अकोला जिल्ह्यांत तूर आणि हरभरा घाट्यांवर आला म्हणजे शेतकऱ्याची रात्र वावरात जाऊ लागते. रानडुकरांचा एक कळप किंवा रोह्यांचे एक टोळके चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवून जाते. अशा जागलीस शेतकऱ्याच्या सोबतीला बहुधा एक गावठी कुत्रा असतो. त्याच्या भुंकण्यावर मालकाची झोप व पीक अवलंबून असते. परंतु त्याच्या शरीराची निगा क्वचितच घेतली जाते. दिवसभर गोठ्यातील खुंट्यास बांधलेला कुत्रा अंधार पडताच सोडण्यात येतो आणि चाहूल लागताच ओल्या काळ्या मातीतून सुसाट धावतो. न तापलेल्या स्नायूंवर असा एकाएकी ताण पडला म्हणजे मांडी लचकते, प्रसंगी मागील पायाच्या गुडघ्यातील बंध तुटतो. मोठ्या कुत्र्याचा हा बंध तुटल्यास शस्त्रक्रियेवाचून तो पुष्कळदा पूर्ववत धावू शकत नाही, आणि ऐन हंगामात राखण उघडी पडते.

नवा गोऱ्हा कोणताही शेतकरी पहिल्याच दिवशी नांगरास जुंपत नाही. प्रथम मोकळे जू, मग हलके काम, मग वखर, असा क्रम तो पाळतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात १९१४ पासून तरुण घडत आले आहेत. तेथेही नवख्यास आरंभी शेकडो बैठका मारावयास लावीत नाहीत. हाच नियम कुत्र्यास लागू आहे.

कुत्रा उभा असता त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढील पायांवर व ४० टक्के मागील पायांवर असतो. धावताना मात्र शरीर पुढे लोटण्याचे मुख्य काम मागील पाय करतात. बांधून ठेवलेल्या कुत्र्याचे हेच पाय प्रथम रोडावतात. म्हणून मेहनत मुख्यतः त्यांच्यासाठी असावी. मृगाच्या सरींनंतर हवा निवळली की प्रारंभ करावा, म्हणजे पोळ्यापर्यंत कुत्रा तयार होतो.

पहिला आठवडा केवळ चालण्याचा ठेवावा. गळ्यात सैल दोरी घालून पांदणीने १० ते १५ मिनिटे सावकाश चालवावे. कुत्र्यास ओढू देऊ नये. ओढणारा कुत्रा सर्व भार पुढे टाकतो व मागील पाय मोकळेच राहतात. पुढे धुऱ्याच्या चढावर तिरपे चढविणे व हळूच उतरविणे सुरू करावे. याच सुमारास बैठकाही घ्याव्यात. भाकरीचा तुकडा नाकासमोर धरून कुत्र्यास सरळ बसवावे व उठवावे. प्रारंभी पाच वेळा पुरे. एका बाजूस कलून बसणारा कुत्रा बहुधा दुसऱ्या बाजूचा पाय चुकवीत असतो.

तिसऱ्या आठवड्यापासून पाच-सहा तुराट्या जमिनीवर आडव्या, कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतक्या अंतराने मांडून त्यांवरून त्यास चालवावे. पाय उचलून कोठे ठेवावयाचा, हे भान यामुळे मागील पायांस येते. रात्री पऱ्हाटीच्या खुंटांतून धावताना तेच उपयोगी पडते. पुढचे दोन पाय चार-सहा इंच उंचीच्या ओट्यावर ठेवून क्षणभर उभे करणे, तसेच भिंत व बाज यांमधील चिंचोळ्या जागेतून चार पावले मागे चालविणे, हेही प्रकार साधे असून गुणकारी आहेत. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी आणि दोन दिवस विश्रांती द्यावी. एक वर्षाच्या आतील पिल्लास उड्या मारावयास लावू नये, सायकलीमागे पळवू नये. त्याची हाडे लांबीने वाढत असतात व सांध्यांजवळची कोवळी टोके दुखावतात.

उन्हाबाबत विशेष दक्षता हवी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कुत्र्याच्या अंगास माणसाप्रमाणे घाम येत नाही. तो धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतो. भादव्यातील दमट हवेत धापाही पुऱ्या पडत नाहीत. म्हणून मेहनत सूर्योदयाच्या सुमारासच घ्यावी. तळहात पाच-सात सेकंद जमिनीवर टेकवत नसेल, तर कुत्र्यास त्यावर चालवू नये. लाळ घट्ट होणे, चाल डगमगणे, हिरड्या लालभडक होणे ही उष्माघाताची लक्षणे होत. तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व पशुवैद्यकाकडे न्यावे. पाणी ओतणे प्रथम, नेणे त्यानंतर.

केवळ ज्वारीच्या भाकरीवर स्नायू भरत नाहीत. तिच्याबरोबर अंडे किंवा कांदा-लसणाची फोडणी न दिलेले वरण असावे. कांदा कुत्र्याच्या रक्तास अपायकारक आहे. भरल्या पोटी मेहनत घेऊ नये. बरगड्या हातास सहज लागाव्यात, परंतु दुरून मोजता येऊ नयेत, इतपत अंग ठेवावे.

पोहणे हा उत्तम व्यायाम खरा. पण प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात कुत्रा सोडू नये. निसरड्या उतारावर नख रोवता येत नाही आणि चांगला पोहणाराही दमून बुडतो. अशा तळ्यात गाठी मारलेला जाड दोर किंवा जाळी सोडून ठेवणे इष्ट होय.

कुत्रा सशक्त झाला म्हणून त्यास डुकरावर सोडणे मात्र सर्वथा गैर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानडुकराची व रोह्याची विनापरवाना शिकार गुन्हा आहे, शिवाय डुकराचा सुळा कुत्र्याचे पोट फाडतो. राखणदाराने धुऱ्याच्या आत राहून भुंकावे व हाकेसरशी परत यावे. ही हाक मेहनतीच्या वेळीच शिकवावी. मेळघाटालगतच्या गावांत रात्री कुत्रा एकटा बांधून ठेवल्यास तो बिबट्याचे भक्ष्य होतो.

पिसाळ रोगाची लस तीन महिन्यांच्या वयात व नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीची नोंद पाहताना कुत्र्यास दहा पावले चालवूनही पाहावे. पुढचा पाय दुखत असल्यास, चांगला पाय टेकताना डोके खाली जाते व दुखरा टेकताना वर उचलले जाते. असे आढळल्यास मेहनत थांबवावी आणि दोन-तीन दिवसांत फरक न पडल्यास जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था गाठावी. माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्यास कदापि देऊ नये.